वाचकांचे प्रश्न : टाळ्या, पट्टी आणि मोझार्टचा कोमल धैवत

बरोक आणि क्लासिकल काळातल्या युरोपीय संगीताबद्दल, म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १८२० या काळातल्या रचनांबद्दल, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न (पुणे) : आम्ही चौघं पहिल्यांदाच मुंबईला एनसीपीएमध्ये ऑर्केस्ट्रा ऐकायला जाणार आहोत. टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या? मध्येच वाजवल्या तर लोक वळून बघतात असं ऐकलं आहे.

कार्यक्रमपत्रिका हातात आली की प्रत्येक रचनेच्या नावाखालच्या ओळी मोजा. अलेग्रो, आंदान्ते, मिन्युएट, प्रेस्टो अशी नावं एकाखाली एक छापलेली असतात. एक ओळ म्हणजे एक मूव्हमेंट, रचनेचा एक स्वतंत्र भाग. कन्चेर्टोत (एखाद्या वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजणारी रचना) बहुधा तीन ओळी असतात : जलद, संथ, जलद. सिम्फनीत (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) बहुधा चार. टाळी शेवटची ओळ वाजून झाल्यावर.

मोजणी चुकलीच तर कंडक्टरच्या हातांकडे बघा. दोन मूव्हमेंटच्या मधल्या शांततेत त्याचे हात छातीच्या उंचीवर थांबलेले असतात, निदान पाठ तरी आपल्याकडेच असते. रचना संपली की हात पूर्ण खाली येतात, व्हायोलिनवाले गज मांडीवर टेकवतात आणि कंडक्टर वळतो. तेवढं थांबलात की चूक होणार नाही. सुरुवातीला मात्र दोनदा टाळ्या असतात : मुख्य व्हायोलिनवादक रंगमंचावर येतो तेव्हा आणि कंडक्टर येतो तेव्हा. या दोहोंच्या मध्ये ओबो हे फुंकवाद्य एक लांब स्वर धरतं आणि सगळे त्यावर आपापली वाद्यं लावून घेतात. त्या वेळी कुजबुज टाळा, वादकांना तो स्वर नीट ऐकू यावा लागतो.

शेवटपर्यंत गप्प बसण्याचा हा रिवाज मोझार्टच्या काळातला नाही. १७७८ च्या जूनमध्ये पॅरिसला त्याची डी मेजर सिम्फनी (डी ला सा धरून शुद्ध स्वरांच्या सप्तकातली; के. २९७, या आकड्याचा अर्थ पुढे येतो) वाजली. ३ जुलैला वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की पहिल्या मूव्हमेंटमध्ये लोकांना भावेल अशी एक जागा त्याने मुद्दाम घातली होती आणि ती येताच टाळ्या पडल्या. शेवटच्या मूव्हमेंटची सुरुवात तिथे सगळी वाद्यं एकदम वाजवून करायची पद्धत होती. याने आठ बार (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) फक्त व्हायोलिनांना हलक्या आवाजात दिले. लोकांनी एकमेकांना 'शूऽऽ' केलं, पुढच्याच क्षणी सगळा ऑर्केस्ट्रा एकदम जोरात वाजू लागला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या मैफलीत जागेवर दाद जाते तसंच हे होतं. आजच्या सभागृहात तसं करत नाहीत, याचं आम्हाला थोडं वाईट वाटतं.

पत्रिकेत हायडनची ९० वी सिम्फनी असेल तर विशेष सावध राहा. शेवटची मूव्हमेंट दणदणीत संपल्यासारखी वाटते, मग चार बार पूर्ण शांतता असते, आणि भलत्याच पट्टीत, एक अर्धस्वर वर, संगीत हळूच पुन्हा सुरू होतं. हायडनने ही फसगत मुद्दाम योजली आहे. तिथे टाळी पडली तर संकोच करू नका.

प्रश्न (कोल्हापूर) : मुलगी पियानो शिकते. तिच्या एका पुस्तकात 'मिन्युएट इन जी' बाखच्या नावावर आहे, दुसऱ्यात पेत्झोल्ड असं नाव आहे. स्वर तेच आहेत. खरं काय?

पेत्झोल्ड बरोबर. योहान सेबास्टियन बाखने १७२५ मध्ये पत्नी आना माग्डालेना हिच्यासाठी एक वही केली. तिच्यात घरी वाजवायला आवडणाऱ्या अनेकांच्या रचना उतरवलेल्या होत्या आणि कित्येकांवर नावच नव्हतं. वही बाखच्या घरची, म्हणून रचनाही त्याचीच असं लोक धरून चालले. ही रचना ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक ख्रिश्चियान पेत्झोल्ड याची आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झालं. जुन्या पुस्तकांत आणि त्यांच्या पुनर्मुद्रणांत बाखचं नाव तसंच राहिलं आहे.

मुलीला एवढं जरूर सांगा की या मिन्युएटला जोडीदार आहे. वहीत लगेच पुढे जी मायनरमधलं (मायनर म्हणजे कोमल गंधाराचं सप्तक) मिन्युएट येतं, तेही पेत्झोल्डचंच. पहिलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं असं वाजवलं की त्याचा खरा आकार कळतो.

वाजवताना मुलं साधारण तीन ठिकाणी चुकतात. पहिली चूक डाव्या हाताची : दुसऱ्या बारपासून तिथे तीन-तीन मात्रांचे लांब स्वर आहेत आणि मुलं उजव्या हाताच्या नादात बोट लवकर उचलतात. मग खालचा आधार निघून जातो आणि चाल उघडी पडते. आठवडाभर नुसता डावा हात वाजवायला द्या आणि वरची चाल तोंडाने म्हणायला लावा. दुसरी चूक ठोक्याची. 'एक-दोन-तीन' करत प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर सारखाच दाब दिला जातो. पण मिन्युएट नाचातलं एक पूर्ण पाऊल दोन बारांत, म्हणजे सहा मात्रांत बसतं. त्यामुळे सहापर्यंत मोजायचं आणि जोर पहिल्यावर द्यायचा, चौथ्यावर नाही. एवढ्या एका बदलाने रचना चालायला लागते. तिसरी जागा उत्तरार्धातली. तिथे संगीत काही बार डी मेजरमध्ये जातं आणि सी शार्प, म्हणजे सी पेक्षा अर्धस्वर वरचा स्वर, येतो. हाताला साध्या सी ची सवय झालेली असते, म्हणून तिथे पेन्सिलीने गोल करून ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : के., बीडब्ल्यूव्ही, आरव्ही, ऑपस या आकड्यांचा अर्थ काय?

के. म्हणजे क्योखेल. त्याने १८६२ मध्ये मोझार्टच्या रचना काळाच्या क्रमाने लावल्या, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी रचना उशिराची; ६२६ म्हणजे अपुरा राहिलेला रेक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत). बाखच्या बीडब्ल्यूव्ही यादीत रचना प्रकारानुसार आहेत, तिथे आकड्यावरून वय कळत नाही. आरव्ही ही विवाल्डीची यादी आणि तीही काळाच्या क्रमाने नाही. हायडनसाठी होबोकेनची यादी असते : रोमन आकडा प्रकाराचा, पुढचा त्या प्रकारातला अनुक्रम. ऑपस हा छापण्याशी जोडलेला आकडा आणि एका ऑपसमध्ये सहा किंवा बारा रचनाही असू शकतात.

शोधताना हा आकडा टाकाच. 'मोझार्ट सिम्फनी जी मायनर' एवढंच लिहिलं तर दोन सापडतील, के. १८३ आणि के. ५५०, आणि दोन्ही एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

प्रश्न (ठाणे) : मी पाच वर्षं व्हायोलिन शिकतो आहे. विवाल्डीच्या 'विंटर'ची संथ मूव्हमेंट ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवायला गेलो तर माझं वाद्य पूर्ण एक अर्धस्वर वर लागतं. ट्यूनर तर बरोबर दाखवतो. चूक कुठे आहे?

चूक नाही, पट्टी वेगळी आहे. गाणारे 'काळी एक', 'पांढरी चार' म्हणतात तसाच हा प्रकार. आजचे ऑर्केस्ट्रा ए हा स्वर साधारण ४४० हर्ट्झला लावतात. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे बरोक संच तो बहुधा ४१५ ला लावतात, म्हणजे जवळजवळ बरोबर एक अर्धस्वर खाली. ती मूव्हमेंट ई फ्लॅट (ई पेक्षा अर्धस्वर खालचा स्वर) मेजरमध्ये लिहिलेली आहे; ४१५ च्या ध्वनिमुद्रणात ती तुमच्या कानाला डी मेजर वाटते.

४१५ हा आकडा आजच्या वादकांनी सोयीसाठी ठरवलेला आहे. अठराव्या शतकात पट्टी गावागणिक बदलायची, फ्रान्समध्ये खालची, जर्मनीतल्या कित्येक चर्चच्या ऑर्गनवर वरची. लाइपझिगमध्ये बाखच्या ऑर्गनची पट्टी इतर वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर वर होती, म्हणून तो ऑर्गनची प्रत एक स्वर खाली उतरवून लिहून घ्यायचा. आज बरोबर अर्धस्वराचं अंतर ठेवल्याचा फायदा हार्प्सिकॉर्डला (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं कीबोर्ड वाद्य) होतो : कित्येक वाद्यांत कीबोर्ड एका अर्धस्वराएवढा बाजूला सरकवला की तेच वाद्य ४४० लाही चालतं.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. अधूनमधूनच वाजवणार असाल तर वाद्याला हात लावू नका. फोनमधल्या एखाद्या ॲपने ध्वनिमुद्रणच एक अर्धस्वर वर घ्या. महिना-दोन महिने हेच करायचं असेल तर व्हायोलिन खाली उतरवा, पण या क्रमाने.

आधी ट्यूनर ॲपमध्ये ए चा आधार ४४० वरून ४१५ करा. फाइन ट्यूनर (तारेच्या खालच्या टोकाचा बारीक जुळवणीचा स्क्रू) मधोमध आणून ठेवा. नाहीतर तो एका टोकाला अडकतो आणि शेवटचं बारीक जुळवणं राहून जातं. मग ए ची तार खुंटीने थोडी सैल करा, नंतर डी, मग जी, मग ई, प्रत्येक थोडी-थोडी, आणि दोन-तीन फेऱ्यांत मुक्कामाला या. चारही तारा एकदम सोडायच्या नाहीत. घोडी आणि आतला साउंडपोस्ट (व्हायोलिनच्या पोटातली लहान लाकडी दांडी) यांना चिकटवलेलं नसतं, ते तारांच्या दाबावर उभे असतात. दाब गेला तर पोस्ट पडतो आणि तो उभा करायला कारागिराकडेच जावं लागतं. शेवटी ए ४१५ वर पक्का करा आणि बाकीच्या तारा त्याच्याशी शुद्ध पंचमाने जोडा : ई ६२२.५, डी २७६.७, जी १८४.४ हर्ट्झ. हे आकडे पडताळ्यापुरते. दोन तारा एकत्र छेडून आवाजातली लाट थांबेपर्यंत ऐकणं अधिक खात्रीचं.

आता घोडीकडे बाजूने बघा. तारा वर ओढताना तिचा माथा खुंट्यांच्या दिशेने कलतो. टेलपीसकडची (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडची) बाजू लाकडाशी काटकोनात हवी. कललेली दिसली तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी माथा धरून, तारा लागलेल्या असतानाच, केसाइतकी मागे घ्या.

ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी झालेला असेल. नेहमीच्या जोराने गज दाबलात तर आवाज घोगरा होईल आणि प्रत्येक स्वराची सुरुवात हेलकावेल. दाब कमी करून गज जास्त लांब फिरवा. तार स्थिरावायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून सकाळी ४१५ आणि संध्याकाळी क्लासला ४४० असं करू नका. पावसाळ्यात खुंटीचं लाकूड फुगून घट्ट बसतं, एसी खोलीत सुकून घसरतं. घसरत असेल तर फिरवताना आत दाबत फिरवा. घट्ट बसली असेल तर जोर न लावता आधी किंचित सैल दिशेने हलवून सोडवा.

प्रश्न (मिरज) : मी हिंदुस्थानी संगीत ऐकत मोठा झालो. राग, ताल, बढत समजते. सिम्फनी ऐकायला बसलो की पाच मिनिटांत हरवतो. काय ऐकायचं?

एकच मूव्हमेंट घ्या : मोझार्टच्या ४० व्या सिम्फनीची (के. ५५०) पहिली. २५ जुलै १७८८ ही ती पूर्ण झाल्याची तारीख मोझार्टने स्वतःच्या यादीत लिहून ठेवली आहे. चाल तुमच्या ओळखीची निघेल. सलील चौधरींनी 'छाया' (१९६१) चित्रपटातल्या तलत-लतांच्या द्वंद्वगीतासाठी तिचाच आधार घेतला होता.

जी ला षड्ज धरा. चालीचे पहिले स्वर असे : कोमल धैवत-पंचम-पंचम, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि मग पंचमावरून वरच्या कोमल गंधारावर उडी. धैवत पंचमावर टेकतो, आणि हा उसासा तीनदा घेतल्यावर चौथ्यांदा चाल वर सुटते. आणखी थोडं आधी ऐका. चाल सुरू होण्यापूर्वी जवळजवळ एक बार व्हायोलांची (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या आवाजाचं वाद्य) हलकी धडधड आहे. गाणं आधीच चालू होतं आणि आपण दार उघडून आत आलो, असं वाटतं. फोनच्या स्पीकरवर ही धडधड ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन लावा.

साधारण पाऊण मिनिटाने ऑर्केस्ट्रा चढत जाऊन झटक्यात थांबतो. एक बार पूर्ण शांत. त्यानंतर दुसरी चाल येते, घरंगळत खाली येणारी, व्हायोलिन आणि फुंकवाद्यांनी वाटून घेतलेली. इथे षड्ज बदललेला आहे : आधीचा कोमल गंधार, म्हणजे बी फ्लॅट, आता सा झाला आहे आणि सप्तक मेजर आहे. मूर्च्छना माहीत असलेल्या कानाला हे पटकन पकडता येईल. आपल्याकडे षड्ज तानपुऱ्यात स्थिर असतो, म्हणून सरकलेला सा तुम्हाला 'हरवल्यासारखा' वाटतो. तो कुठे सरकला आणि परत कधी आला, याचा माग ठेवणं हेच इथलं ऐकणं.

१०० व्या बारपाशी पहिला भाग संपतो आणि बहुतेक ध्वनिमुद्रणांत तो पूर्ण पुन्हा वाजतो. पहिल्या फेरीत सुटलेलं दुसऱ्या फेरीत धरा. मग मधला भाग येतो. तो लगेच एफ शार्प मायनरमध्ये उतरतो, म्हणजे आपल्या सा च्या खालच्या शुद्ध निषादाला सा करून. घरापासून इतकं दूरचं ठिकाण त्या काळच्या श्रोत्यांना चांगलंच हादरवणारं असणार. धैवत-पंचमाचा तो उसासा तुटून एका वाद्याकडून दुसऱ्याकडे फेकला जातो. शेवटी फुंकवाद्यं उतरत येत असतानाच, त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी, मूळ चाल हळूच परत सुरू झालेली असते. तिचा नेमका क्षण पकडायला तीन-चार वेळा ऐकावं लागतं.

सर्वांत महत्त्वाची जागा यानंतर आहे. दुसरी चाल पुन्हा येते, पण या वेळी सा सरकत नाही. मघाशी उजेडात ऐकलेली तीच चाल आता जी मायनरमध्ये येते. पहिल्या भागात ती नीट लक्षात ठेवली असेल तरच हा फरक काळजाला लागतो. आमच्या मते ही सगळी मूव्हमेंट या एका जागेसाठी उभी आहे.

वाद्यांबद्दल थोडं. या सिम्फनीत ट्रम्पेट आणि ताशासारखे टिंपनी नाहीत. हॉर्न दोनच आहेत आणि त्या काळच्या हॉर्नला कळा नसत, एका नळीतून ठरावीक स्वरच निघत. मायनरमध्ये हवे ते स्वर अपुरे पडत, म्हणून मोझार्टने पहिल्या मूव्हमेंटसाठी एक हॉर्न जी चा आणि दुसरा बी फ्लॅटचा घेतला. एकाला न येणारा स्वर दुसरा देतो. शिवाय या सिम्फनीच्या दोन प्रती आहेत, आधीची क्लॅरिनेटविना आणि नंतरची क्लॅरिनेटसह. दोन ध्वनिमुद्रणांत फुंकवाद्यांचा रंग वेगळा लागला तर कारण हे असू शकतं.

आठवडाभर रोज ही एकच मूव्हमेंट, साधारण सात-आठ मिनिटं. पहिले दोन दिवस फक्त दोन चाली ओळखा, मग फक्त षड्जाचा माग ठेवा, मग फक्त खालचे आवाज ऐका. उरलेल्या तीन मूव्हमेंटची घाई नको.

प्रश्न (मडगाव) : शाळेच्या कार्यक्रमात पाखेलबेलचा 'कॅनन' बसवायचा आहे. तीन व्हायोलिन, एक चेलो आणि एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. मुलं बारा-तेरा वर्षांची. जमेल का?

जमेल. मूळ रचना याच जुळणीची आहे : तीन व्हायोलिन आणि खाली साथीचा बास. चेलोला फक्त आठ स्वर आहेत : डी, ए, बी, एफ शार्प, जी, डी, जी, ए. दोन बारांत हे आवर्तन पूर्ण होतं आणि २८ वेळा येतं. तिन्ही व्हायोलिनांची प्रत एकच. चेलोच्या एका आवर्तनानंतर पहिलं व्हायोलिन शिरतं, आणखी दोन बारांनी दुसरं, आणखी दोन बारांनी तिसरं.

लय ठरवताना सुरुवातीच्या संथ स्वरांवर जाऊ नका. पुढे एका मात्रेत आठ स्वर येतात. तो तुकडा सर्वांत कच्च्या मुलाला ज्या लयीत स्वच्छ वाजवता येतो, तीच सगळ्यांची लय. मिनिटाला ४८ मात्रा ठेवल्या तर रचना पावणेपाच मिनिटांत होते.

गडबड दोन ठिकाणी होते. व्हायोलिनांचे स्वर बारीक झाले की चेलोवाला नकळत धावतो आणि पाचव्या-सहाव्या आवर्तनानंतर त्याची मोजणीही सुटते. त्याच्या प्रतीत १ ते २८ आकडे घाला आणि प्रत्येक चौथा आकडा लाल करा. दुसरी गडबड, एखादं व्हायोलिन दोन बार पुढे-मागे होतं. प्रत एकच असल्यामुळे ते दुसऱ्याच्या ओळीवर जाऊन बसतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. यासाठी तिन्ही प्रतींत आवर्तनांचे आकडे चेलोच्याच क्रमाने घाला, म्हणजे पहिल्या व्हायोलिनची सुरुवात २ वर, दुसऱ्याची ३ वर, तिसऱ्याची ४ वर. तालमीत मध्येच मोठ्याने आकडा पुकारा. चुकलेलं मूल तिथून परत धरेल.

कीबोर्डवर हार्प्सिकॉर्डचा आवाज लावा. डाव्या हाताने चेलोचे स्वर, उजव्याने प्रत्येक स्वरावर साधा कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन स्वर) : डी मेजर, ए मेजर, बी मायनर, एफ शार्प मायनर, जी मेजर, डी मेजर, जी मेजर, ए मेजर. व्हायोलिनांपेक्षा वरच्या सप्तकात जाऊ नका आणि आवाज चेलोपेक्षा कमी ठेवा. तिन्ही व्हायोलिनवाल्यांना अर्धवर्तुळात, चेलोकडे तोंड करून उभं करा. हात बघून लय धरणं मुलांना मोजण्यापेक्षा सोपं जातं. २८ वं आवर्तन संपलं की सगळ्यांनी मिळून डी मेजरचा एक लांब स्वर धरायचा आणि चेलोचा गज थांबला की सोडायचा.